डॉक्टरची सही असली की झालं?

रात्रपाळी
शहरी रुग्णालयांतल्या एआयबद्दल काल जो लेख आला, त्याखाली 'सरळरेषा' यांनी लिहिलंय की शेवटी सही डॉक्टरचीच असते, म्हणून वेगळं धोरण, परवाने, समित्या हे सगळं नसतं खूळ आहे. तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण राहवलं नाही.

अकरा वर्षं आयसीयूत नर्स आहे. ती सही कशी होते ते रोज बघते. स्क्रीनवर पट्टी येते, 'सेप्सिसचा धोका', म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होण्याची भीती. ती बंद केल्याशिवाय औषधाची नोंद करता येत नाही. पहिला आठवडा सगळे धावत खाटेपाशी जायचे. दुसऱ्या महिन्यात बोट आपोआप 'पाहिले'वर जाऊ लागलं. तीच तुमची सही. पहाटे चारला, बारा पेशंट आणि एक निवासी डॉक्टर असताना झालेली.

अमेरिकेत एपिक या सॉफ्टवेअर कंपनीचं, सेप्सिसचा इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाने ते स्वतःच्या पेशंटवर तपासलं, २०२१ मध्ये निकाल छापला. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याने पकडलेच नव्हते. तरीही भरती झालेल्या १८ टक्के पेशंटवर इशारे दिले होते. त्या सगळ्या रुग्णालयांत सह्या करायला डॉक्टर होतेच ना?

माझं मागणं मोठं नाही. यंत्र वापरात आणण्याआधी आपल्याच पेशंटवर तपासा, आणि ते बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे त्याचं नाव भिंतीवर लावा.

सरळरेषा
ताई, माझं म्हणणं अर्धंच उचललंत. मी रेडिओलॉजिस्ट आहे, एक्स-रे वगैरे फिल्म्स वाचणारा डॉक्टर. सकाळी येतो तेव्हा रात्रीच्या फिल्म्सचा ढीग असतो, तो संपेपर्यंत दुपारचा ढीग तयार. स्वीडनमध्ये मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, चाचणी झाली, ८० हजारांवर स्त्रिया होत्या. एआय सोबत घेतल्यावर फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्यात कुठेही घट झाली नाही. क्षयरोगासाठी १५ वर्षांवरच्यांचे छातीचे एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिली. समितीची बैठक ठरेपर्यंत त्या ढिगातल्या गाठीने थांबायचं का? उशीर झाल्याने दगावलेल्याचा हिशोब कुणीच ठेवत नाही, याचाच मला राग आहे.

वाटसरू
तुमचं एक्स-रेचं चालू द्या. पेशंट तुमच्यापर्यंत पोचतो तरी का ते आधी बघा.

आईला मधुमेह. एका संध्याकाळी तिने रुग्णालयाला फोन लावला. पूर्वी काउंटरवरची बाई उचलायची, आता यंत्र बोलतं. यंत्राने विचारलं, 'छातीत दुखतंय का?' आई म्हणाली, 'नाही.' खरंच दुखत नव्हतं. तिला भरून आल्यासारखं होत होतं, जबडा जड झाला होता. ती ते सांगायला लागली की यंत्र म्हणायचं, 'कृपया हो किंवा नाही सांगा.' शेवटी तिला तीन दिवसांनंतरची वेळ मिळाली. रात्री झटका आला. वाचली, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला.

काउंटरवरच्या बाईने आवाजावरून ओळखलं असतं. इथे कुठल्या डॉक्टरची सही होती?

दोन_शून्य
आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण तुम्ही सांगताय ते एआय नाही, फोनवरचा साधा मेनू आहे. मी हेच काम करतो. हो-नाहीच्या फांद्या म्हणजे मॉडेल नव्हे. धागा भरकटवू नका.

वाटसरू
रुग्णालयाच्या दारावर फलक आहे, 'आमची एआय सहाय्यक सदैव आपल्या सेवेत'. तुमच्या व्याख्येत ते बसतं की नाही, हे माझ्या आईने फोन लावण्याआधी तपासायचं होतं का? भरकटवतोय म्हणे.

दोन_शून्य
चिडू नका. नाव चुकीचं दिलं की नियमही चुकीच्या गोष्टीवर लागतात, इतकंच माझं म्हणणं.

अनामिका७
दोन_शून्य, उलटं होतंय. नाव मुद्दाम दिलं जातं, म्हणजे नियम लागूच होत नाहीत. आमच्याकडे फोनची अशीच प्रणाली आली, मी तेव्हा प्रशासनात होते. खरेदीच्या फाइलवर लिहिलं होतं 'अपॉइंटमेंट सॉफ्टवेअर'. त्यामुळे ती फाइल एकाही डॉक्टरच्या टेबलावर गेली नाही. संगणक विभाग आणि लेखा विभाग, दोन सह्यांत काम झालं. आज कोण येईल आणि कोण तीन दिवसांनी, हे ठरवणारी गोष्ट वैद्यकीय नाही तर काय आहे? युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात तातडीच्या पेशंटची निवड करणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या यादीत आहेत. त्यांनी ते उगाच घातलेलं नाही.

आणि काउंटरवरच्या चौघी? त्यांना घरी पाठवलं. त्यातली एक नुसत्या धापेवरून दम्याचा पेशंट ओळखायची.

जुनादप्तर
फोनवाल्यांशी मी सहमत आहे, पण दोष फोनमध्येच असतो असं नाही. अमेरिकेत एक सूत्र कुणाला जादा देखभाल द्यायची ते ठरवायचं. आजारपण मोजायला त्याने उपचारांवरचा खर्च धरला. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत होता, म्हणून यंत्राच्या हिशोबात ते 'कमी आजारी' ठरले. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की हे दुरुस्त केलं तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो. यंत्रात वंशाचा रकाना नव्हताच. कुठल्याही शहरात ज्यांना दवाखाना परवडत नाही, त्यांचा खर्च कमीच दिसणार. काय मोजायचं हे कोण ठरवतं, धोरणात पहिला प्रश्न तो हवा.

सरळरेषा
एका दिवसात फोन, मेनू, अमेरिका सगळं झालं. मी फिल्म्सबद्दल बोलत होतो.

रात्रपाळी
मग फिल्म्सबद्दलच बोलू. स्वीडनचं उदाहरण तुम्हीच दिलंत. तिथे आधी चाचणी झाली, अर्ध्या स्त्रियांचं वाचन जुन्या पद्धतीने करून तुलना केली, मग आकडा आला. मी तेच तर मागतेय. चाचणीवाल्या यंत्राचं नाव घेऊन बिनचाचणीची यंत्रं आत घेऊ नका. तुमच्या विभागात जे आहे ते तुमच्या फिल्म्सवर कधी तपासलं?

सरळरेषा
नाही तपासलं. विक्रेत्याने स्वतःचे आकडे दाखवले, आम्ही मान डोलावली. मागच्या वर्षी पोर्टेबल मशीनवर काढलेल्या, झोपलेल्या पेशंटच्या फिल्म्स आल्या की ते सारखं 'हृदय मोठं' म्हणायचं; अशा फिल्ममध्ये ते तसं दिसतंच. आम्ही त्याकडे दुर्लक्ष करायला शिकलो, पण कुणाला कळवलं नाही. कळवायचं कुणाला तेच माहीत नव्हतं. तेव्हा तपासणी मान्य, कळवायला जागा हवी हेही मान्य. पंधरा जणांची समिती मात्र मान्य नाही, आणि त्यावर मी मागे हटणार नाही.

रात्रपाळी
पंधरा कोण म्हणालं? तीन पुरेत, त्यात एक वॉर्डातली नर्स हवी.

सरळरेषा
नर्स चालेल. विक्रेत्याचा माणूस नको.

दोन_शून्य
वाटसरू, मी कालपासून विचार करतोय. 'हो किंवा नाही' यात न बसणारं उत्तर दोनदा आलं की फोन माणसाकडे गेलाच पाहिजे. हे करायला अर्धा दिवसही लागत नाही. आमच्या करारात ते कधी लिहिलेलं नसतं आणि आम्हीही सुचवत नाही. हे मी खरं तेच सांगतोय. त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागितलंत का?

वाटसरू
मागितलं होतं. रुग्णालयाने लेखी कळवलं की प्रणाली पुरवठादाराची आहे, नोंदी आमच्याकडे राहत नाहीत. पुरवठादाराने कळवलं, रुग्णालयाला विचारा. दोन्ही पत्रं आईच्या फाइलमध्ये ईसीजीच्या मागे लावून ठेवलीत. आई आता फोन लावत नाही. बरं वाटेनासं झालं की फाइल उचलते आणि सरळ निघते.