अनेक देशांतून फिरत मिशनरी सेवा: जावे का, आणि कसे जावे?

प्रश्न: इंदूरची परिचारिका

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी जालन्याकडून इकडे आले; घरात मराठी आणि मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) हिंदी अशा वातावरणात मी वाढले. एका आंतरराष्ट्रीय मिशनरी संस्थेने माझी वर्षभराच्या सेवेसाठी निवड केली आहे. नेपाळ, थायलंड, युगांडा आणि केनिया या देशांत प्रत्येकी दोन-अडीच महिने राहून तिथल्या मंडळ्यांबरोबर आरोग्य शिबिरे घेणे, मुलांमध्ये काम करणे आणि सुवार्ता सांगणे असे या सेवेचे स्वरूप आहे. पगार नाही, प्रवास, विमा आणि राहण्याचा खर्च उमेदवाराने आपल्या मंडळीतून व स्नेह्यांकडून उभा करायचा आहे.

देवाने या सेवेसाठी केलेल्या पाचारणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती या फिरतीबद्दल. अडीच महिन्यांत एखाद्या देशाची भाषा कानाला ओळखीची होईपर्यंत निघायची वेळ येणार; मग त्यातून तिथल्या माणसांचे खरोखर काही भले होते का? आई-बाबांचे म्हणणे असे की सेवाच करायची तर धार-झाबुआकडची खेडी काय कमी आहेत. ज्यांनी अशी सेवा केली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: जहाजावर राहिलेली

ताई, मी ‘लोगोस होप’ या मिशनरी जहाजावर स्वयंसेविका होते. २००९ पासून हे जहाज बंदरोबंदरी पुस्तकांचे प्रदर्शन भरवते आणि साधारण साठ देशांतली माणसे त्यावर बिनपगारी काम करतात. मिशनरी म्हटले की लोकांना व्यासपीठ आठवते. माझ्या वाट्याला सुरुवातीला भटारखाना आला. काही शे माणसांच्या जेवणाची पातेली घासताना शेजारी उभी राहणारी कोरियन मुलगी आणि मी मोडक्या इंग्रजीत एकमेकींसाठी प्रार्थना करायला शिकलो, आणि माझी खरी शिकवणी तिथेच झाली असे मी मानते.

पुढे मला प्रदर्शनाच्या दालनात नेमले. तिथल्या पुस्तकांवर कोणत्याही देशाच्या चलनातली किंमत नसते. ‘युनिट’ छापलेले असतात आणि प्रत्येक बंदरात त्यांचा तक्ता बदलतो. येणारा माणूस पुस्तक उलटेसुलटे करून किंमत शोधतो, मग आपण त्याला भिंतीवरच्या तक्त्यापाशी नेतो आणि दोघे मिळून हिशेब करतो. ‘हे पुस्तक कोणासाठी घेताय?’ हा प्रश्न तिथे सहज निघतो आणि कित्येकदा त्यातून माणूस आपल्या घरातले दुखणे, मुलाची काळजी, सारे बोलून मोकळा होतो. अशा बोलण्याला भाषा फार लागत नाही, ऐकण्याची तयारी लागते.

पण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, ज्या बंदरात स्थानिक मंडळ्यांनी आम्हाला बोलावले होते आणि आम्ही निघून गेल्यावर त्या माणसांच्या घरी जाणारे कोणी होते, तिथे काम टिकले. जिथे असे कोणी नव्हते, तिथे आम्ही चांगल्या आठवणी ठेवून आलो, एवढेच म्हणता येईल. म्हणून चारही देशांत तुम्हाला नेमके कोण बोलावते आहे, हे आधी विचारा. आणखी एक: सतत निरोप घेत राहणे मनाला थकवते. घरी एक तरी व्यक्ती अशी ठेवा जिला तुम्ही काहीही न लपवता लिहू शकाल; ती व्यक्ती शक्यतो आई नसावी, कारण आईला काळजी वाटू नये म्हणून आपण निम्मे लपवतोच.

उत्तर: निवृत्त पाळक, इंदूर

बेटी, प्रेषित पौलाच्या सुवार्ता फेऱ्यांचा नकाशा पाहिला की तो सारखा चालतच होता असे वाटते. बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सावकाश वाचलेस तर दिसेल की तो करिंथात दीड वर्ष राहिला आणि इफिसात जवळजवळ तीन वर्षे. करिंथात तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर राहुट्या करण्याचे काम करीत होता, म्हणजे तिथल्या बाजारात त्याची कारागीर म्हणूनही ओळख होती. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, हात ठेवून त्याला आणि बर्णबाला पाठवले. चौदाव्याच्या शेवटी ते दोघे परत आले आणि मंडळी जमवून देवाने काय केले ते त्यांनी सांगितले. संस्थेने निवडले हे ठीक, पण पाठवायचे मंडळीने. तुझी मंडळी नुसती वर्गणी देणार आहे की तुला पाठवणार आहे, याचा उलगडा पाळकसाहेबांबरोबर बसून आधी करून घे.

आपल्या इंदुरातले उदाहरण घे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इथे १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. त्याच मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ’हारा १८९१ मध्ये मध्य भारतात आल्या आणि पुढे धारला त्यांनी रुग्णालयाचे काम उभारले. हे लोक इथे राहिले, इथली भाषा शिकले, म्हणून आज त्यांचे काम आपल्याला दिसते. याउलट पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंड गाठले, १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्यांच्या फिरण्याने इथल्या विधवांसाठी घर उभे राहिले. तेव्हा फिरणे वाया जाते असे मी म्हणणार नाही. ते कशासाठी आहे हे ठरलेले असावे.

माझे स्पष्ट मत विचारशील तर जा, पण चाराऐवजी दोनच देश माग आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सहा महिने राहा. संस्था सहसा कुरकुर करतात, पण परिचारिकेला नाही म्हणणे त्यांना जड जाते. आई-बाबांचे म्हणणेही मोडून काढू नकोस. निघण्यापूर्वी काही आठवडे आदिवासी भागातल्या एखाद्या मिशन रुग्णालयात राहून काम कर. त्यांना धीर येईल आणि तुलाही आपले बळ कळेल.

उत्तर: कागदपत्रे पाहणारा

वरील दोन्ही उत्तरांत कायद्याची बाजू आलेली नाही, म्हणून ती लिहितो. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण २०१५ च्या तिथल्या संविधानाच्या कलम २६ नुसार दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे आणि २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढले जाते. तुमच्या हातून काही घडले तर तुम्ही परत याल, पण स्थानिक मंडळीच्या दारात पोलीस येत राहतील. त्यामुळे तिथे स्थानिक पाळक सांगतील तेवढेच करावे. तिथल्या बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, हेही लक्षात असू द्या.

थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागते, म्हणून पर्यटक म्हणून जाऊन शिबिर घेणे बेकायदा ठरू शकते. परिचारिका म्हणून आपली भारतातली नोंदणी परदेशात आपोआप चालत नाही. केनिया आणि युगांडात तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी नसेल तर इंजेक्शन देणे, टाके घालणे यांपासून दूर राहा आणि आरोग्य शिक्षणापुरते काम ठेवा.

युगांडात उतरताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात, आणि युगांडा किंवा केनियातून भारतात परतताना ते जवळ नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिची मुदत आता आयुष्यभराची आहे.

पैशाबाबत एवढेच की, मंडळीच्या ट्रस्टने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर त्यावर आयकराची सूट सहसा मिळत नाही. खजिनदारांनी सीएला विचारल्याशिवाय परदेशी खात्यावर रक्कम पाठवू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पाळककाका, आपण सांगितल्याप्रमाणे दोन देशांची विनंती मी करणार आहे. नेपाळ आणि युगांडा मनात आहेत. मात्र व्हिसाबद्दल विचारले तेव्हा संस्थेच्या प्रतिनिधीने, ‘सगळेच पर्यटक म्हणून जातात, काही होत नाही,’ असे सांगितले. अशा वेळी काय म्हणावे?

उत्तर: कागदपत्रे पाहणारा

नम्रपणे, पण लेखी नकार द्यावा. युगांडासाठी कोणत्या प्रकारचा व्हिसा काढणार, अर्जात कामाचे स्वरूप काय लिहिणार, तिथली यजमान मंडळी नोंदणीकृत आहे का, आणि आजारपण किंवा अटक झाल्यास परत आणण्याचा खर्च कोण करणार, एवढे प्रश्न ई-मेलने विचारा व उत्तर येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका. खरी सेवा करणाऱ्या संस्थेला हे प्रश्न खटकत नाहीत. मजकूर इंग्रजीत लिहावा लागेल; मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.