गायरानात जमिनीवर बसणारं घुबड: ओळख पटवायला मदत हवी आहे

माळकरी_बीड:
नमस्कार मंडळी. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गायरानात डिसेंबरपासून एक घुबड दिसतंय. झाडावर कधीच नाही, थेट कुसळीच्या गवतात बसतं. दिवस मावळायच्या आधी, चांगला उजेड असतानाच उठतं आणि गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतं. उडण्याची ढब भोवत्या या शिकारी पक्ष्यासारखी.

गव्हाणी घुबड नाही, एवढं नक्की. डोळे पिवळेजर्द, भोवती काजळ घातल्यासारखं काळं. छातीवर दाट तपकिरी रेघा, पोटाकडे विरळ होत जातात. पंखांची टोकं काळी आणि खालून सांध्यापाशी काळा डाग. डोक्यावरचे तुरे दिसले नाहीत. मला आखूड कानांचं घुबड वाटतंय. पण मी जायकवाडीला चक्रवाक अन् पट्टकादंब असे पाणपक्षी बघत शिकलो, घुबडांचा सराव नाही. फोटो लांबून काढलेत, जाणकारांनी बघून सांगावं.

घाई आहे. नवीन फुटवा यावा म्हणून जानेवारीत गायरान पेटवतात. शिवाय अपशकुनी म्हणून पोरं दगड मारतात, ते बघवत नाही.

ओढ्याकाठची:
दादा, तुमची ओळख बरोबर वाटते. मला आधी शृंगी घुबडाची शंका आली होती, तेही आपल्याकडे जमिनीवर, नाल्याच्या दरडीत बसतं. पण त्याचे डोळे नारिंगी आणि तुरे ठळक. तुमच्या उडत्या फोटोत सांध्याचा काळा डाग स्वच्छ दिसतोय. आखूड कानांच्या घुबडाचे तुरे इतके बारके असतात की बहुतेक वेळा दिसतच नाहीत. हा हिवाळी पाहुणा आहे, वीण उत्तरेकडच्या थंड प्रदेशात होते. एकाच गवतात अनेकदा चार-दोन जण मुक्कामाला असतात, तेव्हा लांबून दुर्बिणीने मोजा. फोटोसाठी गवतात शिरून उठवू नका, दिवसा उठवलं की कावळे आणि शिकारी पक्षी मागे लागतात. ते उडून गेल्यावर बसायच्या जागी गोळे मिळतात का बघा. न पचलेले केस आणि हाडं घुबड ओकून टाकतं.

तुरीचा_बांध:
ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसकट नोंद नक्की करा. दुर्मीळ नोंद असेल तर तिथले तपासनीस बघतात. जागेची काळजी वाटत असेल तर तिथली आपली नोंदींची यादी लपवून ठेवायची सोय आहे, नंतर उघडी करता येते. गावाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अजिबात टाकू नका. घुबडांचा चोरटा व्यापार चालतो आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे पोरांच्या घरीही सांगा. गवताचं म्हणाल तर पक्षी वाचवा म्हणण्याआधी उंदरांचं बोला. हरभरा-ज्वारी करणाऱ्याला ते लगेच पटतं.

माळकरी_बीड:
ताई, दादा, मनापासून आभार. आज सकाळी गोळे सापडले. एक पाण्यात भिजवून सोडवला: करडे केस, उंदराचा अख्खा जबडा, पिवळे दात शाबूत. तो जबडा कागदावर ठेवून सरपंचांना दाखवला. ओढ्याकडची पट्टी मार्च संपेपर्यंत पेटवायची नाही असं ते म्हणाले, पण ग्रामसभेत मांडावं लागेल. सभेत वाचायला सोप्या भाषेत दहा-बारा ओळी कुणी लिहून देईल का? उंदीर, पीक आणि घुबड एवढंच हवं.