शिकाऊ विमानात मोबाइल: हातात की बॅगेत?

तापीकाठ: जळगावला अन् शिरपूरला विमान चालवायला शिकवतात, त्यामुळे आपल्याकडे डोक्यावर छोटी विमानं घरघरणं नवं राहिलं नाही. वरून काढलेले व्हिडिओही फिरतात. खाली केळीचे मळे, मागे सातपुडा, दिसतं झकास. पण काढतो कोण? शेजारचा काढत असेल तर ठीक. एकटाच उडवणारा असेल तर फोन बंद करून बॅगेत, उतरेपर्यंत हात लावायचा नाही. मे 2014 मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोत, रात्री एक सेसना 150 हे छोटं विमान पडलं, दोघे गेले. आधीच्या फेऱ्यांच्या चित्रणात पायलट सेल्फी काढताना सापडला. कमी उंचीवर फोनमुळे लक्ष विचलित झालं, हे तपास अहवालात अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदलंय.

रावेरचा पाटील: मी काय म्हनस भो, सेल्फीवाल्यापायी सगळ्यांचे फोन कशाला बंद? वर रेडिओ मेला तर? ट्रान्सपॉन्डरवर, म्हंजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, 7600 टाकलं की रेडिओ गेल्याचं रडारवाल्याला कळतं, विमानतळावर कंट्रोल टॉवर असेल तर तो दिव्याने खूण करतो. जिथे टॉवरच नाही तिथे दिवा कोण दाखवणार, कोतवाल?

तापीकाठ: आणि त्या घरघरीत हेडसेट काढून तुम्ही "हॅलो हॅलो" करणार? मोबाइल टॉवरचे अँटेना जमिनीवरच्या लोकांसाठी खाली कललेले असतात. उंचावर रेंज येत-जात राहते. रेडिओ गेला तरी इंजिन चालू आहे ना? आधी विमान सांभाळा.

अमळनेरकर: दोघंही लहरींचा मुद्दा विसरले. जुना टूजी फोन हेडसेटजवळ वाजायच्या आधी कसा टर्रटर्र करायचा, आठवतं? नेमका तेव्हा कंट्रोल टॉवरचा निरोप हुकायचा. शिवाय फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. होकायंत्राशेजारी ठेवला तर काटा सरकतो. फ्लाइट मोडने पहिलं थांबतं, दुसरं नाही.

रावेरचा पाटील: म्हणजे होकायंत्रापासून लांब ठेवा, एवढंच ना? फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालतं, ते फक्त उपग्रहाचं ऐकतं. वाट चुकलेल्या पोराला नकाशा दिसला तर बिघडलं काय?

अमळनेरकर: मे महिन्यात काचेखाली ठेवून बघा. जळगावच्या उन्हात फोन तापून स्वतःच बंद पडतो, नेमका नकाशा लागतो तेव्हा. कागदी नकाशा तापत नाही.

चोपड्याची: तुम्ही सगळे हवेतलंच बोलताय. जुलै 2021 ला आमच्या तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी. गावातल्या लोकांनी तिला झोळीत घालून डोंगरातून खाली आणलं. त्या अपघाताचा संबंध मी फोनशी जोडत नाही. पण तापीकाठ भाऊ, अशा ठिकाणी पडल्यावर तुमची ती बॅग पत्र्याखाली अडकली तर काय कामाची? फोन अंगावर हवा. बटणाच्या खिशात, चार्ज केलेला.

तापीकाठ: ताई, हे पटलं. बॅग कटाप, खिसा मान्य. पण हवेत असताना बटण उघडायचं नाही.

रावेरचा पाटील: अन् रेडिओ मेल्यावर?

तापीकाठ: तेव्हाही आधी विमान सरळ, मग खिसा. अन् मेसेज टाका, फोन लावू नका. अधूनमधून रेंज मिळाली तरी तो जाऊ शकतो.