विमानात शेजारी बसण्याचे वेगळे पैसे : तुमचे अनुभव लिहा

तिकिटं एकत्र काढली, पैसे एकाच खात्यातून गेले, पीएनआर एकच. तरीही चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पास पाहावेत तर घरातली चार माणसं विमानाच्या चार कोपऱ्यांत. एकत्र बसायचं असेल तर माणशी पैसे भरा.

स्वस्त विमानकंपन्यांचा धंदा कसा चालतो हे आपल्याला माहीत आहे. मूळ भाडं कमी ठेवायचं आणि बाकी सगळं सुटं विकायचं. सामानाबद्दल, खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. खिडकीची सीट, पाय पसरायला जास्त जागा, यांचेही जादा पैसे खुशाल घ्यावेत. पण लहान मूल आईजवळ बसणं ही चैन नाही. आजारी माणसाशेजारी त्याची काळजी घेणारं माणूस असणं ही तर मुळीच नाही. ती गरज आहे आणि तिच्यावर दर लावला जातो, याचा मला राग येतो. यात रक्कमही लहानसहान नाही. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीच्या २०२४च्या अहवालानुसार तिथल्या पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात निव्वळ सीटच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर मिळवले.

तुम्हाला काय अनुभव आले? पैसे भरलेत की नाही? न भरता काही मार्ग निघाला का? सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नको, काय घडलं ते सांगा.

---

मुलगा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याला मिळालेली सीट माझ्यापासून बऱ्याच ओळी मागे, तीही मधली, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. काउंटरवर सांगितलं तर म्हणाले, "गेटवर बोला." गेटवरचे म्हणाले, "आत क्रू बघेल." आत गेले तर हवाई सुंदरी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच कुणाला तरी विनंती करून पाहा." त्या अरुंद वाटेत, मागे माणसं खोळंबलेली, खांद्यावर बॅग आणि कडेवर मूल घेऊन मी एकेकाला विचारत होते. दोघांनी मान फिरवली. शेवटी खिडकीशी बसलेले एक काका काही न बोलता उठले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी त्या सीटचे पैसे भरले होते हे मला नंतर कळलं.

माझ्या मुलाला स्वतःचा पट्टा सोडवताही येत नव्हता. ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला, असं प्रत्येक उड्डाणाआधी सांगतात. मूल इतक्या ओळी मागे असेल तर ते करायचं कसं?

---

ताई, तुमचा त्रास पटतो. पण मी दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला पाय सरळ करावा लागतो. त्यामुळे मी नेहमी कडेची सीट पैसे भरून घेतो. एकदा असंच एका कुटुंबासाठी उठायला सांगितलं. मी नाही म्हणालो, कारणही सांगितलं. तरी उतरेपर्यंत आजूबाजूचे लोक माझ्याकडे निर्दयी माणूस म्हणून पाहत होते. त्या आईचा दोष नव्हता, माझाही नव्हता. कंपनीने माझ्याकडून सीटचे पैसे घेतले, त्या कुटुंबाला वेगवेगळं बसवलं आणि सोडवणूक आमच्यावर सोपवली. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ज्यांनी सीट वाटल्या त्यांनीच त्या आधी नीट लावायच्या. प्रवाशांच्या चांगुलपणावर हा कारभार चालवायचा नाही.

---

आम्ही दोघं नवरा-बायको कधीच पैसे भरत नाही. वेगळे बसतो, तो झोपतो, मी वाचते. धडधाकट मोठ्या माणसांना याने काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

वरच्या मताशी मी सहमत नाही. माझ्या बायकोला विमानाची प्रचंड भीती वाटते. वर चढताना आणि उतरताना ती माझा हात धरून असते. दिसायला ती धडधाकटच आहे. आम्ही दर वेळी मुकाट्याने पैसे भरतो.

---

लहान मुलांबद्दल निदान बोललं तरी जातं. माझा अनुभव वडिलांचा आहे.

बाबांना स्मृतिभ्रंश आहे. ओळखीचं माणूस समोर असेल तर शांत असतात, नाहीतर कावरेबावरे होतात. तिकीट काढतानाच सीट घ्यायला गेलो तर शेजारशेजारच्या सगळ्या जागा महागड्या रांगांतल्या, म्हणून फोन केला. "चेक-इनच्या वेळी सिस्टीम आपोआप एकत्र देते," असं उत्तर मिळालं. दिली नाही. विमान भरलेलं होतं. मी तीन ओळी मागे होतो. तिथून मला त्यांचा फक्त डावा हात दिसायचा. तो हात सारखा पट्ट्याचं बक्कल चाचपत होता. पट्टा बांधायची सूचना चालू असतानाच ते उठून उभे राहिले आणि शेजारच्या मुलीला विचारू लागले, "आपलं स्टेशन गेलं का?" ती मुलगी फार गुणी. तिने त्यांना हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "नाही आजोबा, अजून वेळ आहे." सूचना बंद झाल्यावर ती आपणहून माझ्याकडे आली आणि आम्ही जागा बदलल्या.

त्या मुलीचं ऋण मी विसरणार नाही. पण तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर? बाबा ओरडले असते, तर "उपद्रवी प्रवासी" म्हणून नोंद त्यांचीच झाली असती. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम झालेत म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी काय आहे?

---

मी बरीच वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये काम केलं आहे. वरच्या दादांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं.

वय हा निकष नसतो, मदतीची गरज हा असतो. युरोपीय संघाच्या २००६च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार अपंग किंवा हालचालीला मर्यादा असलेल्या प्रवाशासोबत मदतनीस असेल तर त्याला शेजारची जागा देण्यासाठी कंपनीने शक्य ते सर्व प्रयत्न करायचे असतात. वयामुळे किंवा बौद्धिक अडचणीमुळे मदत लागणारी माणसंही त्यात येतात. मदतीची गरज प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कळवावी लागते. अमेरिकेतही, प्रवासात खाऊ घालण्यासारखी मदत करणारा सोबती असेल तर त्याला लागून सीट द्यावी लागते. अंध प्रवाशाला वाचून दाखवणारा किंवा कर्णबधिर प्रवाशासाठी खुणांच्या भाषेत सांगणारा सोबती असला तरीही तेच. म्हणून फोनवर "एकत्र सीट द्या" एवढंच म्हणू नका. "प्रवाशाला वाटेत माझी मदत लागते, ही नोंद बुकिंगवर करा" असं सांगा आणि ती झाल्याचं लेखी घ्या. नोंद असली की काउंटरवरच्या माणसालाही सीट हलवायला आधार मिळतो. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

मुलांबाबत देशोदेशी वेगळं आहे. कॅनडात २०१९च्या डिसेंबरपासून नियम आहे : पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या अगदी शेजारी, ५ ते ११ वर्षांचं त्याच ओळीत, मध्ये फार तर एक सीट, आणि १२-१३ वर्षांचं फार तर एक ओळ सोडून. तेही जादा पैसे न घेता. भारतात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२४मध्ये कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाबरोबर जागा द्या आणि त्याची नोंद ठेवा. "त्याच पीएनआरवर" हे शब्द लक्षात ठेवा. आई-मुलाचं तिकीट एकीकडे आणि वडिलांचं नंतर दुसरीकडे काढलं, तर सिस्टीमच्या दृष्टीने वडील परकेच. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतही लहान मुलं शक्यतो पालकांच्या ओळीतच असावीत असं म्हटलं आहे. विमान तातडीने रिकामं करताना आईबाप मुलं शोधत उलटे धावले तर सगळ्यांचाच खोळंबा होतो, हे त्यामागचं कारण.

काही गोष्टी मात्र खरोखर आमच्या हातात नसतात. मांडीवर बाळं असलेल्या दोघी बहुतेक विमानांत एकाच बाजूच्या तीन सीटच्या गटात बसू शकत नाहीत, कारण तिथे जादा मास्क साधारण एकच असतो. संकटकाळच्या दाराच्या ओळीत मुलं किंवा मदत लागणारी माणसं बसवता येत नाहीत. तिथे काउंटरवरच्या मुलीवर चिडून उपयोग नाही.

---

माझी बहीण कर्णबधिर आहे. घोषणा मीच तिला खुणांनी सांगते. ही नोंद करता येते हे आज पहिल्यांदा कळलं. मनापासून आभार.

---

एक राहून गेलेला मुद्दा. आम्ही पैसे भरून तीन सीट घेतल्या, मग ऐन वेळी विमान बदललं आणि तिघं तीन ठिकाणी. अशा वेळी सीटचे पैसे परत मिळतात का?

---

कंपनीने स्वतःहून जागा बदलली असेल तर मागायचेच. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते असतं, पण आपोआप खात्यात येतीलच असं नाही. भरलेल्या सीटची पावती, सीट क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट आणि प्रत्यक्षातला बोर्डिंग पास, तिन्ही जपून ठेवा. उतरल्यावर त्याच दिवशी तक्रार टाका. आणि गेटवर पोचल्यापोचल्याच बोला, विमानात चढेपर्यंत थांबू नका. सीट फिरवण्याचे अधिकार आणि संगणक दोन्ही गेटवर असतात. आत क्रूकडे फक्त विनंती उरते.