स्प्रे कोटिंग निवडताना ‘किती महिने टिकतं’ हे सगळ्यात शेवटी बघा

निळी सेदान (धागालेखक)

गाडीच्या रंगावर संरक्षणाचा थर द्यायला कुठला स्प्रे मारू, असं कुणी विचारलं की उत्तरं महिन्यांच्या हिशेबात येतात. हा तीन महिने टिकतो, तो सहा, अमुक वर्षभर. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. आधी बघायचं ते हे की गाडी उघड्यावर उभी असते की छपराखाली, धुवायला पाणी कसलं मिळतं, आणि स्प्रेच्या आधीची तयारी आपण खरोखर करणार आहोत का.

ढोबळमानाने स्प्रे तीन जातींचे. पहिला कार्नोबा वॅक्सचा. हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर याची झळाळी मला अजूनही सगळ्यांत आवडते, पण चार-सहा वेळा शॅम्पूने धुतलं की ते गेलं. दुसरा पॉलिमर सीलंट, म्हणजे कृत्रिम रसायनाचा थर. झळाळी थोडी काचेसारखी, टिकाऊपणा वॅक्सहून बरा. तिसरा सिलिकावाला, ज्याच्या बाटलीवर ‘सिरॅमिक’ लिहिलेलं असतं. यावर पाणी मोत्यासारखं थेंब धरतं, आणि नीट बसला तर तिघांत जास्त टिकतो.

‘नीट बसला तर’ ही अट मोठी आहे. शॅम्पूने धुणं, लोखंडाचे कण काढणारं द्रावण मारणं (ते जांभळं होत ओघळतं, तो ब्रेकच्या धुळीतला लोखंडाचा अंश), मग क्ले बार (चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवणं, मग जुनं तेल-मेण काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. एवढं न करता मारलेला सिलिका स्प्रे रंगावर बसतच नाही, मळावर बसतो. ज्यांना वर्षातून दोनदासुद्धा हे करणं जमणार नाही, त्यांनी साधा सीलंट घ्यावा आणि दर दोन महिन्यांनी मारावा. त्यांची गाडी महागड्या सिरॅमिकवाल्यापेक्षा चांगली राहील.

पत्राप्रेमी

तयारीबद्दल सहमत, बाकी अजिबात नाही. स्प्रेचा थर एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) पातळ असतो. कंपनीतून येणारा क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, त्यावर तुम्ही हे चढवून ‘संरक्षण’ म्हणता? समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला की बॉनेटवर टवका जाणारच. खड्यापासून वाचवते ती फक्त पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची फिल्म, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. लोकांना खरा सल्ला द्यायचा तर बॉनेट आणि पुढचा बंपर फिल्मने झाका म्हणा, बाकी गाडी नुसती धूत राहा. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात. स्प्रेने त्यात काय भर पडणार?

निळी सेदान

खड्यापासून स्प्रे वाचवतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण रंगाचे शत्रू खडे एवढेच नाहीत. पक्ष्याची शीट आम्लधर्मी असते. तापलेल्या टपावर ती दुपारभर राहिली तर क्लिअर कोटला कायमचा डाग पाडते. झाडाचा चीक, चिरडलेले किडे, डांबराचे शिंतोडे, यांचंही तसंच. वर निसटता थर असेल तर हे सगळं ओल्या फडक्याने, न घासता निघतं. घासायचं वाचतं तेव्हा ओरखडे वाचतात. माझ्यासाठी स्प्रेचं काम एवढंच, आणि ते लहान नाही.

तारकाजाळी

माझी गाडी काळी, त्यामुळे घासण्याचं दुःख मला चांगलंच माहीत आहे. पण ताई-दादांनो, बाटल्यांवरच्या ‘९एच कडकपणा’ या शब्दावर कुणीच बोलत नाहीये, आणि फसगत होते ती तिथेच. ही पेन्सिलच्या चाचणीतली श्रेणी. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच तिचा अर्थ. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापाशी तिचं काही नातं नाही. धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतं, मोह्सवर ७. कोरड्या फडक्याने धूळ झटकलीत की थर कुठलाही असो, उन्हात बारीक ओरखड्यांची गोल जाळी दिसणारच. मी ते वाचून भुलले होते. ९एच आहे म्हणून रोज सकाळी कोरडं पुसू दिलं, आणि वर्षाच्या आत बॉनेट पॉलिश करावं लागलं. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा थोडा खरवडणंच, ते किती वेळा करणार?

पत्राप्रेमी

बरोब्बर. म्हणजे दोष पुसण्याच्या सवयीचा, आणि उपायही तिथेच. स्प्रे न घेता चांगलं फडकं घेतलं असतंत तर गाडी वाचली असती.

तारकाजाळी

फडकं घेतलंच, पण स्प्रे सोडला नाही. फरक मी स्वतः बघितलाय. बॉनेटच्या मध्यावर मास्किंग टेप लावली, एका बाजूला सीलंट मारला, दुसरी बाजू तशीच ठेवली. तीन आठवड्यांनी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सीलंटच्या बाजूची बरीच धूळ वाहून गेली, कोऱ्या बाजूला ती चिकटून होती. हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल.

डेंटिंगपेंटिंग

मी गाड्या रंगवतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. नव्याने रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर काहीही मारू नका, आतलं द्रावक उडून जायला वेळ लागतो. दुसरं, बहुतेक स्प्रेमध्ये सिलिकोन असतं. पुढे पत्रा पुन्हा रंगवताना ते थोडं जरी राहिलं तरी रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. रंगवायला देताना काय मारलंय ते कारागिराला आवर्जून सांगा.

आणि वारा असताना थेट पत्र्यावर फवारू नका, फडक्यावर घ्या. समोरच्या काचेवर उडालं तर वायपर थडथडतो. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

सोसायटीची टाकी

आमच्याकडे पाणी जड आहे, त्यामुळे धागालेखकांच्या सिलिकाच्या कौतुकाला माझा विरोध. थेंब जितका गोल उभा राहतो, तितका त्यातला क्षार एका जागी साचतो. उन्हात थेंब वाळले की पांढरी वर्तुळं उरतात, आणि जुनी झाली की व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसलं तरी पूर्ण जात नाहीत. कोटिंग नसताना माझ्या गाडीवर एवढे डाग नव्हते. थेंबांचे फोटो बघून बाटली निवडणं बंद करा.

निळी सेदान

हे मला मान्य करावंच लागेल. पाण्याचा उल्लेख मी वर केला, पण तो सिलिकाच्या विरोधात जातो हे स्पष्ट लिहायला हवं होतं. जड पाणी आणि उघड्यावरची गाडी असेल, तर ज्यावर पाण्याचा पडदा सलग घसरून जातो असा सीलंट घ्यावा. सिलिकाच हवा असेल तर धुतल्यावर लगेच, सावलीत, टिपून कोरडं करायची तयारी ठेवावी. पाणी गाडीवर वाळू देणं हे सगळ्यांत वाईट.

पत्राप्रेमी

मग ओल्या गाडीवर फवारून पाण्याच्या जोराने धुवायचे स्प्रे? त्यांना तर पुसणंही नको म्हणतात.

निळी सेदान

ते वापरून सोडले. एक भाग मारून लगेच धुतला नाही तर पट्टे उमटतात आणि ते काढायला घासावंच लागतं. शिवाय जड पाण्याने धुतलं तर वरचा प्रश्न पुन्हा आहेच. फवारून पुसायचा स्प्रे आणि दोन मायक्रोफायबर, एक पसरवायला, एक कोरडं शेवटचं पुसायला. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एका वेळी एकच दरवाजा घ्या, आणि नंतर रात्रभर गाडी ओली होऊ देऊ नका.

पहिलीच गाडी

माझी गाडी मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगाची आहे. यातलं काय चालेल?

डेंटिंगपेंटिंग

साधं वॅक्स नको, ठिकठिकाणी चकाकी येऊन ठिगळं लावल्यासारखी दिसेल. पॉलिश आणि क्ले तर हातातही घेऊ नका, मॅटपण घासलं गेलं की परत आणता येत नाही. फक्त मॅटसाठी असं स्पष्ट लिहिलेला सीलंट घ्या, आणि आधी दरवाजाच्या खालच्या कडेला, जिथे नजर जात नाही तिथे, तळहाताएवढ्या जागेवर मारून दोन दिवस बघा.