उत्पन्न एकदाच तपासलं तर काय बिघडेल?

खाडीकाठची:
शेजारच्या विधवा काकूंसोबत यंदा तहसीलच्या तीन खेपा झाल्या. संजय गांधी निराधार पेन्शनला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. रेशनच्या प्राधान्य यादीला गावात ४४,०००. लाडकी बहीणला अडीच लाख. शिष्यवृत्तीचं गणित आणखी वेगळं. घर तेच, चूल तीच, पण प्रत्येक खात्याला चौकशी पुन्हा पहिल्यापासून. उत्पन्न एकदा तपासा, नोंद ठेवा, मग ज्याने त्याने आपली मर्यादा लावावी. पिवळं-केशरी कार्ड असलेल्या बायकांकडे लाडकी बहीणने उत्पन्नाचा दाखला मागितलाच नाही. म्हणजे जमतं की!

बांधावरचा:
जमलं? मग २०२५ मध्ये ई-केवायसी कशाला लावली? केशरी कार्डाची मर्यादा एक लाख, आणि कार्ड कुठल्या जमान्यातलं! तुमची ती एक नोंदही अशीच शिळी होणार. आज एका यादीतून नाव उडालं तर दुसरीवर घर तगतं. एकच नोंद चुकली तर रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती एका झटक्यात बंद.

रापणकर:
तपासतले काय, ता आधी सांगा. रापणीचो, म्हणजे सगळ्यांनी मिळान किनाऱ्यार ओढूच्या जाळ्याचो, वाटो किती गावलो ता कोण लिवन ठेवता? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा खलाशाचं उत्पन्न शून्य. सप्टेंबरात बांगडा लागला तर बरं चालतं. कुठला महिना धरणार? २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात कोण जगतं? म्हणून दाखल्यावर योजनेला लागेल तो आकडा येतो. खोट्या आकड्याची एकच नोंद करून काय मिळवणार?

बांधावरचा:
आणि सातबारा? आमच्या कलमांच्या बागेवर चाळीसेक नावं. निम्मी मुंबईत, काही तर वारलेली. पैसा एका ठेकेदाराकडून येतो, तोही एकाच घरात. संगणकाला मात्र चाळीसही बागायतदार.

खाडीकाठची:
रापणकर, २१,००० बद्दल शंभर टक्के मान्य, तो आकडा आधी बदलायला हवा. पण बांधावरचे, सातबाऱ्याची ही चूक आजही होतेच ना? फक्त चार टेबलांवर चारदा निस्तरावी लागते. एकदा दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त व्हावी, आणि नोटीस देऊन ऐकून घेतल्याशिवाय काहीही बंद करू नये. एका झटक्याचं तुमचं भय खरं आहे, म्हणून ही अट कायद्यातच हवी.

चाकरमानी:
उत्पन्नाची चाळणीच काढा ना. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, पांढऱ्यालासुद्धा.

बांधावरचा:
आजारपण रोज येत नाही, पेन्शन दरमहा द्यावी लागते. पैसे तुम्ही मुंबईहून पाठवणार? बाकी, काकूंचं झालं का?

खाडीकाठची:
अडलंय. मुलगा गोव्यात हॉटेलात लागला, महिन्याला दोन हजार धाडतो, तेही जमलं तर. त्याचा अख्खा पगार काकूंच्या उत्पन्नात धरायचा की नाही, यावर एका टेबलाचं म्हणणं एक, दुसऱ्याचं दुसरं.