स्वतःचे गाणे स्वतः प्रकाशित करावे की चॅनेलकडे सोपवावे?

ऐरोलीची_गायिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि गेली बारा वर्षे शास्त्रीय संगीत शिकते आहे. माझ्या शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या मराठीच्या बाईंची पावसावरची एक कविता मी यंदा स्वरबद्ध केली. संगीत संयोजन एका मित्राने केले आणि ध्वनिमुद्रण घणसोलीच्या एका लहान स्टुडिओत तीन रविवारी झाले. शेवटच्या अंतऱ्याच्या वेळी पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज दोनदा माइकमध्ये आला, म्हणून तेवढा अंतरा आम्ही रात्री अकरानंतर, पाऊस थांबल्यावर, पुन्हा गायलो.

आता एका यूट्यूब चॅनेलने हे गाणे प्रकाशित करण्याची तयारी दाखवली आहे. त्यासाठी त्यांना माझ्याकडून 40 हजार रुपये हवे आहेत, आणि गाण्याचे सर्व हक्क कायमचे त्यांच्याकडे जातील, असे कलम करारात आहे. त्यांचे सदस्य लाखांच्या घरात आहेत, माझ्या चॅनेलचे 212. गाणे स्वतः प्रकाशित केले तर ते कोणापर्यंत पोहोचेल का, आणि त्यासाठी नेमके काय करावे लागते?

नौपाड्याचा_पेटीवादक

ताई, हा करार करू नका, असे मी आपल्याला मनापासून सांगतो. पैसेही आपण द्यायचे आणि हक्कही आपणच सोडायचे, या व्यवहारात आपल्या पदरात काय पडते ते मला दिसत नाही.

एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, हे आधी लक्षात घ्यावे. शब्द आणि चाल यांचा हक्क कवयित्रीचा आणि आपला. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, आणि कायद्याच्या दृष्टीने निर्माता म्हणजे ज्याने ते मुद्रण घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली ती व्यक्ती. आपल्या बाबतीत त्या आपणच दिसता. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांना वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. त्यामुळे ‘सर्व हक्क’ असे मोघम लिहिलेले दिसले की तिथेच थांबून विचारावे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणूनच अशा मसुद्यांमध्ये ‘कायमचे’ हा शब्द आवर्जून घातलेला असतो.

बाईंशी कितीही जिव्हाळा असला तरी त्यांची लेखी संमती घ्या, आणि संयोजक मित्राशी मानधन ठरले आहे की उत्पन्नात वाटा, तेही कागदावर आणा. पुढे कधी दुसऱ्या कवींकडे वळलात तर एक हिशेब ध्यानात असू द्या: कवीच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क टिकतो. बालकवी 1918 साली गेले, त्यांच्या कवितेला कोणीही चाल लावू शकतो; कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या कवितेसाठी 2059 संपेपर्यंत परवानगी लागेल. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या आधुनिक संगीतकाराने त्यांना दिलेली प्रसिद्ध चाल त्या संगीतकाराचीच असते.

कोपरखैरणे_ध्वनिमुद्रक

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. कामाचा क्रम मी सांगतो.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांच्याकडे गाणे वितरकामार्फत जाते. डिस्ट्रोकिड वार्षिक शुल्क घेते, सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनामागे एकदाच. वितरकच आपल्या मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक देतो. तो जपून ठेवा, कारण उद्या वितरक बदललात तरी तोच क्रमांक द्यावा लागतो, नाही तर आधीच्या ऐकण्यांची मोजणी तुटते. वितरकाकडून येणारे पैसे मात्र केवळ मुद्रणाचे असतात. शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी आपण आणि बाई, दोघींनीही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सदस्य होऊन गाण्याची नोंद करावी. ही पायरी आपल्याकडचे बहुतेक नवे कलाकार गाळतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे फक्त अप्रकाशित गाणेच सुचवता येते, आणि ते निदान सात दिवस आधी सुचवले तर आपल्या अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीतही पोहोचते. नावाच्या स्पेलिंगबाबत विशेष काळजी घ्या. माझ्या आडनावाच्या शेवटी पहिल्या गाण्यात एक ‘आय’ आणि दुसऱ्यात दोन ‘ई’ पडले; दोन स्वतंत्र कलाकार तयार झाले आणि ती पाने एकत्र करून घेण्यात माझे दोन महिने गेले. वितरकाकडे कंटेंट आयडीचा (यूट्यूबवर आपले गाणे वापरणारे व्हिडिओ आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय निवडलात तर आपले चॅनेल सूट दिलेल्या यादीत घालायला सांगा, अन्यथा आपल्याच व्हिडिओवर आपलाच दावा येतो.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट बोलतो. मागील बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून पैसे देत नाही, आणि यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 1000 सदस्यांसोबत वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शने लागतात. पहिल्या गाण्यातून खर्च भरून निघेल, असे धरून चालू नका.

उपवन_तळ्याकाठी

‘पन्नास हजार प्ले’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. मी एकाला दोन हजार रुपये दिले. तिसऱ्या आठवड्यात ती ऐकणी बनावट ठरली आणि माझे गाणे सगळीकडून उतरवले गेले. ज्या चाळीस-पन्नास लोकांनी ते खरोखर मनापासून ऐकले होते, त्यांच्याकडचा दुवाही त्यासोबत मेला.

आपले श्रोते जवळच आहेत. ठाण्यात दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावर तरुणांची किती गर्दी होते, हे आपण पाहिले असेलच. तो मंच लगेच मिळणार नाही, पण सोसायट्यांचे गणेशोत्सव आणि घरगुती बैठका मिळतात. मी अशा बैठकीत गाणे गाऊन झाल्यावर क्यूआर कोड छापलेले कार्ड हातोहात देतो. कार्ड घेणाऱ्यांपैकी अनेक जण घरी जाऊन तेच गाणे पुन्हा ऐकतात, कारण त्यांनी ते समोर बसून ऐकलेले असते. शिवाय चाल कशी सुचली, हे सांगणारा मिनिटभराचा व्हिडिओ प्रकाशनाआधी नक्की टाका. आपली पत्र्यावरच्या पावसाची हकिगत त्यासाठी फार योग्य आहे.

ऐरोलीची_गायिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चॅनेलला मी आज नकार कळवला. संमतीपत्राचा मसुदा घेऊन काल बाईंकडे गेले होते. त्यांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मगच सही केली. संयोजक मित्राने मानधनाऐवजी उत्पन्नातला चौथा हिस्सा मागितला आहे आणि मी तो मान्य केला आहे. सोमवारी फाइल वितरकाकडे जाईल. गणपतीत आमच्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वीस मिनिटे मिळाली आहेत, म्हणून प्रकाशन त्याच्या आदल्या शुक्रवारी ठेवते आहे. कार्डांवर बाईंचे नाव माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला सांगितले आहे.